मुलाला लाल विंचू चावला, वाचला. आता हृदयाचं काय? (लांबलचक आहे, माफ करा)

चाकरमानी_डोंबिवली
29 मे, रात्री 11:40

नमस्कार. मी इथे एरवी नुसता वाचक. पण गेले तीन आठवडे डोक्यात हेच चाललंय आणि जो तो वेगळं सांगतोय, म्हणून लिहितो.

माझा मुलगा, वय सात, वजन 21 किलो. सुट्टीत पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या गावी आजी-आजोबांकडे होता. मी आणि बायको इकडे डोंबिवलीत, नोकरी. 9 मेच्या रात्री जेवणं आटोपल्यावर हा माळ्यावर चढला. तिथे आंब्याची आढी लावलेली. आई म्हणाली होती, सकाळी बघू कुठले पिकलेत ते. ह्याला कुठला धीर! अंधारात पेंढ्यात हात खुपसला आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाला विंचवाने नांगी मारली. पावणेनऊची गोष्ट. बाबांनी वर जाऊन चपलेने मारला. लालसर, जेमतेम दोन इंचाचा. बाबा म्हणाले, "काळी इंगळी नाय ना, मग काय नाय. बारकाच आहे."

पोरगा पाच-दहा मिनिटं रडला आणि गप्प झाला. आईला हायसं वाटलं. तोवर शेजारच्या वाडीतले उतारा करणारे काका आले. त्यांनी मुळी उगाळून लावली, दंडाला दोरी बांधली, काहीतरी पुटपुटत हात खाली उतरवत राहिले. त्यात अर्धा तास गेला. मधल्या वेळात ह्याला दोन उलट्या झाल्या, बनियन पिळून काढावं इतका घाम. आईला वाटलं, मे महिन्याचा उकाडा, त्यात जेवल्यावर धावपळ.

साडेनऊला चुलतभावाने बाइकवरून जवळच्या एका खाजगी डॉक्टरकडे नेला. त्यांनी दोन इंजेक्शनं दिली, एक दुखण्याचं आणि एक ॲलर्जीचं. "शांत आहे, झोपू द्या, सकाळी दाखवा." घरी आणून झोपवला.

रात्री दीडला उठून बसला. आडवा पडू देईना. खोकला, आणि तोंडातून फेस, गुलाबीसर. बाबा आजवर कधी मला फोनवर रडलेले आठवत नाहीत. 108 आली, रुग्णालयात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी म्हणे पहिलाच प्रश्न विचारला, "किती वाजता चावला?" आणि पावणेनऊ ऐकल्यावर पुढे कोणाशी बोलल्याच नाहीत, कामाला लागल्या. ऑक्सिजन, कसली तरी गोळी, विंचवाची लस (म्हणजे विषावरचं इंजेक्शन). आम्ही पहाटे पोचलो तेव्हा तो आयसीयूत. तीन रात्री तिथे. पहिल्या टू-डी इकोत हृदयाचं पंपिंग 35 टक्के आलं, सहाव्या दिवशी घरी सोडताना 50.

आता पोरगा खातोपितो, खेळायला मागतो. बोटाला अजून मुंग्या येतात म्हणतो. माझे प्रश्न:

हृदय कायमचं कमजोर राहणार का? शाळा सुरू होईल, पळू द्यायचं की नाही?

विष अंगात शिल्लक राहतं का? सासूबाईंचं म्हणणं, दर अमावस्येला पुन्हा चढतं. बायको वरवर हसते, पण मागच्या अमावस्येला रात्रभर जागी होती.

आणि सगळ्यात टोचणारा: आमचं नेमकं चुकलं कुठे? आई त्या रात्रीपासून नीट जेवत नाही. "तो रडायचा थांबला आणि मला मेलीला बरं वाटलं" हे दिवसातून चारदा म्हणते.

---

रानमेवा
30 मे, सकाळी 7:15

आमच्याकडे तुरटी गरम करून डंखावर लावतात, लगेच उतरतं. माझ्या आजोबांना सात-आठ वेळा विंचू चावले, एकदाही दवाखाना पाहिला नाही, 88 वर्षं जगले. हल्ली उगाच आयसीयू-बियसीयू करून बिल वाढवतात.

---

कोलाडचा_बंड्या
30 मे, सकाळी 7:52

रानमेवा, पोराच्या तोंडाला फेस आला होता. वाचलं का नीट? तुरटी कुठे लावणार, फुप्फुसाला?

---

जुनी_सिस्टर
30 मे, दुपारी 3:20

मी 1986 ते 2018 सरकारी नोकरीत स्टाफ नर्स होते, त्यातली बावीस वर्षं दक्षिण रायगडात. माझा मुलगा तुझ्याच वयाचा असेल, म्हणून अरे-तुरे करते. टायपिंग हळू आहे, चुका पोटात घाल.

आधी तुझ्या आईचं बोलते, बाकीचं मागाहून.

1987 चा एप्रिल. मी नोकरीत नवी, रात्रपाळी एकटीकडे. एकाच संध्याकाळी दोन विंचू आले. एक तिशीतला बाप्या, पायाच्या अंगठ्याला चावलेला, गुरासारखा ओरडत होता. खाटेच्या दांड्या उपटायच्या बाकी ठेवल्या होत्या त्याने. दुसरी आठ-नऊ वर्षांची मुलगी, गवताचा भारा बांधताना हाताला चावलेला. ती गप्प. कपाळावर घाम, डोळे उघडे, हूं नाही की चूं नाही. मी सगळा वेळ त्या बाप्यापाशी. मधे एकदा मुलीच्या आईला म्हटलंसुद्धा, "बघा, किती शहाणी आहे तुमची, त्या दाढीवाल्यापेक्षा." पहाटे मुलगी गेली. बाप्या सकाळी विडी ओढत घरी.

तर आईला सांग, पगार घेणाऱ्या, शिकलेल्या सिस्टरलासुद्धा तेच वाटलं होतं. तिला कुणी शिकवलं नव्हतं, मला तर शिकवूनही कळलं नव्हतं.

त्या रात्रीपासून माझा हिशेब उलटा झाला. लाल विंचू चावून जो ठणाणा बोंबलतो, त्याचं विष बहुतेक वेळा डंखाच्या जागीच राहिलेलं असतं. त्याला डंखाभोवती बधिर करायचं इंजेक्शन द्यायचं, बर्फ लावायचा, कळ दिवसभरात आपोआप ओसरते. उतारा करणाऱ्यांचं दुकान नेमकं ह्याच्यावर चालतं हो. शंभर जण त्यांच्याकडे ओरडत जातात, कळ तिच्या वेळेला उतरते आणि नाव मंत्राचं होतं. रानमेवा, तुमचे आजोबा ह्याच शंभरातले. मी त्यांना खोटं पाडत नाही, तुरटीला पाडते.

ज्याची कळ थोडी, पण अंग घामाने निथळतंय, उलटी होतेय, तोंडाला पाणी सुटतंय, हातपाय गार पडलेत, तो पेशंट माझा. त्याचं विष रक्तात गेलेलं. पुरुषमाणसात आणखी एक खूण असते, इंद्रिय ताठ राहतं. लाजेपायी कुणी सांगत नाही. पंचा आवळून बसतात. आम्ही सरळ विचारायचो, काय करणार.

आत काय होतं ते मला एका डॉक्टरांनी भाताच्या शेताच्या भाषेत सांगितलं होतं, तेच सांगते. विष नसांना चिथावतं. नसांमधली सोडियमची दारं उघडली की मिटायचं नाव घेत नाहीत. मग अंगातलं सगळं ॲड्रिनलिन एकदम बाहेर. हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून घेतात, म्हणून पाय गार. आता असं बघ, मोटर चालू आहे आणि पुढे पाइपाला पिळा पडलाय. पाणी पुढे जाईना, मोटर तापली, धापा टाकायला लागली. मोटर म्हणजे हृदय. ते दमलं की पाणी मागे साचतं, मागे फुप्फुसं. तुझ्या मुलाच्या तोंडचा गुलाबी फेस तो हाच. विष फुप्फुसात शिरलेलं नसतं, हृदयाच्या दमण्याने तिथे पाणी भरतं.

म्हणजे इलाज काय? पिळा सोडवायचा. हे आपल्या इथेच, महाडच्या आसपास कळलं, ह्याचा मला आजही अभिमान वाटतो. डॉ. हिम्मतराव बावसकर सत्तरच्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, जालन्याकडचा माणूस. तेव्हा लाल विंचवाच्या गंभीर पेशंटांपैकी शंभरातले तीसेक दगावायचे आणि पुस्तकात त्यावर धड पानही नव्हतं. हे रात्र-रात्र पेशंटच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम लिहून काढायचे. 1982 साली त्यांचं निरीक्षण लॅन्सेट ह्या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, 1986 साली प्राझोसिनचं. प्राझोसिन म्हणजे रक्तदाबाची साधी गोळी, वाहिन्या सैल करते. ही द्यायला लागल्यावर मरणारे शंभरात दोन-चारच्या आत आले. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या निवृत्त सिस्टरांच्या ग्रुपवर दिवसभर नुसते पेढ्यांचे फोटो.

मी नोकरीला लागले ते नेमकं ह्या दोन काळांच्या मधल्या खिंडीत. काही ठिकाणी गोळी पोचलेली, काही ठिकाणी अजून स्टिरॉइड, ॲलर्जीचं इंजेक्शन आणि ॲट्रोपिन. ॲट्रोपिनने घाम सुकतो, पेशंट बरा दिसतो आणि हृदय आणखी पळायला लागतं. त्या मुलीला आम्ही तेच दिलं होतं. असो.

गोळी दिल्यावरची एक गोष्ट डॉक्टर सांगायला विसरतात, सिस्टर सांगते. प्राझोसिन पोटात गेलं की पेशंट आडवाच ठेवायचा. पोर रडलं की आई उचलून कडेवर घेते, आणि उभ्या अंगाने रक्तदाब धाडकन खाली येतो. मी आयांना खाटेवर पोराशेजारी झोपायला लावायचे. "घे जवळ, पण झोपून घे." पाजायचंसुद्धा झोपून. आणि उलट्या-घामाने सुकलेल्या पोराला पाणी, मीठ-साखर देत राहायचं.

पायांचं सांगते. मी दर अर्ध्या तासाने पेशंटचे पाय चाचपायचे, अंगठ्यापासून वर. कुणाचे घोट्यापर्यंत गार, कुणाचे गुडघ्यापर्यंत. मॉनिटर तेव्हा कुठले! पहाटे कधीतरी गुडघा कोमट लागायचा, मग पोटरी, मग घोटा. अंगठे गरम झाले की मी आणि वॉर्डबॉय चहा टाकायचो. बावीस वर्षांत अंगठे गरम झाल्यावर गेलेलं पोर मला आठवत नाही.

आता तुझे प्रश्न.

हृदय. ते दमलेलं असतं, मेलेलं नसतं. म्हाताऱ्याच्या हार्ट ॲटॅकमध्ये रक्त तुटून स्नायूचा तुकडा मरतो, तसं हे सहसा नसतं. 35 वरून सहा दिवसांत 50 हेच त्याचं उत्तर आहे. पुढचं इथे कोणी डॉक्टर असतील ते सांगतील, तो माझा प्रांत नाही.

विष. अंगात राहत नाही. अमावस्येला चढत नाही, पौर्णिमेलाही नाही. सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्या रात्री बायको जागणारच असेल तर तिला म्हणावं, पोराचे अंगठे चाचपून बघ, गरम असतील, आणि झोप.

बोटाच्या मुंग्या. नस चिडलेली असते, काही आठवडे झिणझिणतं. हात धुताना गार पाण्याने जास्त जाणवेल. माझ्या स्वतःच्या टाचेला चावला होता 1999 साली, गणपतीपर्यंत झिणझिणत होती.

एक तू विचारलं नाहीस. विंचवाची लस घोड्याच्या रक्तापासून करतात. ती दिल्यावर सात ते दहा दिवसांनी एखाद्याला ताप, अंगावर गांधी, सांधेदुखी होते. तुझा तो काळ टळलाय, तसं काही झालं नसेल तर उत्तम. पण डिस्चार्जच्या कागदावर लस दिल्याची नोंद आहे का बघ आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेव. उद्या कधी साप चावला, तर सापाची लस वेगळी असली तरी तीही घोड्याचीच. डॉक्टरला आधीच ठाऊक असलेलं बरं.

त्या खाजगी डॉक्टरबद्दल. दुखण्याचं इंजेक्शन देणं चूक नाही. सात वर्षांचं, उलट्या झालेलं, घामेजलेलं पोर लाल विंचवाच्या मुलखात घरी पाठवणं चूक. भांडायला जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. पण गेलास तर पुढच्या पोरासाठी जा. डिस्चार्जची झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेव आणि ये.

---

बालरोग_सांगली
30 मे, रात्री 10:05

सिस्टर, नमस्कार. तुमच्या हाताखाली इंटर्नशिप करायला मिळाली असती तर बरं झालं असतं.

एक भर घालतो, कारण हे अनेक जण वाचतील. "ओरडतोय म्हणजे सुटला" हे घरी बसून ठरवायचं नाही. पहिल्या तासा-दोन तासांत चित्र पालटू शकतं, आणि लहान मुलांत कळ व घाम दोन्ही एकत्रही असतात. लाल विंचू आढळतो त्या भागात मूल ओरडत असो वा गप्प, दवाखान्यात न्यायचं आणि दिवसभर नजरेखाली ठेवायचं. सिस्टरांचा नियम आधी कोणाकडे धावायचं हे ठरवायला उत्तम, कोणाला घरी ठेवायचं हे ठरवायला नाही.

चाकरमानी, पंपिंगबद्दल: ह्या विषाने आलेला हृदयाचा अशक्तपणा बहुतेक मुलांत काही दिवसांत ते काही आठवड्यांत पूर्ण भरून येतो. साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा एक इको करा. तोवर शाळेत जाऊ दे, चालू दे, सायकलही हळू चालेल, पण शर्यती आणि पोहणं थांबवा. इको नॉर्मल आला की बंधन नाही. दरम्यान रात्री झोपेत धाप, पायावर सूज किंवा खेळता खेळता खाली बसणं असं काही दिसलं, तर तारखेची वाट बघू नका. लिहून दिलेली औषधं त्यांच्या डॉक्टरना विचारल्याशिवाय बंद करू नका.

लस आणि गोळी दोन्ही दिली हे चांगलं झालं. पूर्वी ह्यावर वाद होता. डॉ. बावसकर दांपत्याने महाडमध्येच 70 रुग्णांवर पडताळणी केली, ती 2011 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. नुसत्या प्राझोसिनवर सावरायला सरासरी 17.7 तास लागले, सोबत लस दिलेल्यांना 8. लस रक्तातलं विष पकडते, गोळी तोवर झालेला पिळा सोडवते. मात्र उशीर झाला की लसीला पकडायला फारसं उरत नाही. तुमच्या बाबतीत पाच-सहा तास गेले होते, तरी निभावलं.

आणि सगळ्यांना हात जोडून: हे वाचून कुणी प्राझोसिनची पाकिटं घरात आणून ठेवू नका. मात्रा वजनावर असते, साधी गोळी आणि लांब पल्ल्याची गोळी ह्यांत फरक असतो आणि रक्तदाब मोजल्याशिवाय ती द्यायची नसते.

---

रानमेवा
31 मे, सकाळी 6:58

सिस्टर, तुरटी मागे घेतो. आजोबांची गोष्ट मात्र खरी आहे.

---

जुनी_सिस्टर
31 मे, सकाळी 9:30

डॉक्टरसाहेब, बरोबर आहे तुमचं. मी वॉर्डातलं बोलले, घरातलं तुम्ही बोललात.

रानमेवा, आजोबांना कुठला चावायचा ते विचारायचं राहिलं. घाटावरचे का तुम्ही? मोठी काळी इंगळी असेल तर दिसायला राक्षस, पण तिचं विष लाल्यापेक्षा खूपच सौम्य. चाकरमान्याचे वडील म्हणाले ना, "इंगळी नाय, मग काय नाय", ते नेमकं उफराटं. लोक आकार बघून घाबरतात. आमच्याकडे कुणी काचेच्या बरणीत ही एवढी इंगळी घेऊन धापा टाकत आलं की आम्ही निवांत. आणि कुणी "बारकासाच होता, लालसर" म्हणालं की मी उठायचे.

---

जांभा_दगड
1 जून, रात्री 9:12

डॉक्टरकीतलं मला कळत नाही. मी चिरेखाणीवर सुपरवायझर आहे, विंचू रोजचे. थोडं राहण्या-वागण्याचं सांगतो.

विंचू कोरड्या फटीत राहतो आणि रात्री हिंडतो. जांभ्याच्या भिंतीतली फट, कौलांखाली, फाट्यांच्या ढिगात, पेंढ्यात. आढी ही तर त्याची मेजवानीच, पिकल्या आंब्यावर चिलटं, झुरळं येतात आणि त्यांच्यामागे हा. उन्हाळ्यात उकाड्याने बाहेर पडतो, आणि पहिल्या पावसात बिळात पाणी शिरलं की घराकडे. म्हणजे आता पंधरा दिवस जपा.

आमच्या खाणीवर एक पोरगा नोटा तपासायची जांभळी बॅटरी घेऊन आला होता, गंमत म्हणून. काळोखात भिंतीवर मारली आणि आम्ही सगळे गप्प. विंचू हिरवट-निळा चमकतो त्या उजेडात, काजव्यासारखा. एका कामगाराच्या झोपडीच्या मागच्या भिंतीवर चार निघाले. तो तिथे दोन वर्षं बायकापोरांसकट राहत होता. तेव्हापासून संध्याकाळी एक फेरी मारायची आणि चिमट्याने उचलून लांब रानात टाकायचा, असा नेम आहे. मारत नाही आम्ही. वाटलं तर हसा.

अंथरूण भिंतीपासून हातभर लांब, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली, सकाळी चप्पल-बूट उलटे आपटून घालायचे. खाणीवरच्या पोरांना हे मी शिव्या देऊन शिकवलंय. आढीतले आंबे काढताना आधी काठीने पेंढा सारा, मग हात.

---

चाकरमानी_डोंबिवली
1 जून, रात्री 11:55

सगळ्यांचे आभार, कुठून सुरू करू कळत नाही.

सिस्टर, तुमचा निरोप आईला फोनवर वाचून दाखवला. त्या मुलीची आणि बाप्याची गोष्ट. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "त्या बाईला आजून आठवतं?" मी म्हटलं, हो, इतक्या वर्षांनी. "मग तिला म्हणावं, तिने पण जेवावं." आता ह्याचा अर्थ काय घ्यायचा ते तुम्ही ठरवा. पण त्या रात्री भाकरी खाल्ली असं बाबांनी कळवलं.

डिस्चार्ज कार्ड पाहिलं. लसीची नोंद आहे, किती दिली आणि किती वाजता तेही. ताप, गांधी काही आलं नाही.

उतारावाल्या काकांबद्दल बाबा अडून बसलेत. "त्याने मुद्दाम केलं नाय, बोलावला आपण." खरंय ते. मी बाबांशी एवढंच ठरवलंय, काकांना बोलवायचं असेल तर बोलवा, पण रिक्षात बसवून. वाटेत उतरवू दे काय उतरवायचं ते. दोरी मात्र बांधू द्यायची नाही.

---

जुनी_सिस्टर
2 जून, सकाळी 8:40

रिक्षात बसवून! हे मला तीस वर्षांत सुचलं नाही. आम्ही मांत्रिकांशी भांडण्यात जन्म घालवला.

आईला सांग, मी जेवते. दोन वेळा, आणि रात्री भात टाळायला सांगितलाय तरी भात.

---

चाकरमानी_डोंबिवली
23 जुलै, रात्री 10:30

हा धागा वर काढतो, कारण दोघा-तिघांनी निरोप पाठवून विचारलं.

सहा आठवड्यांचं सांगितलं होतं, पावसामुळे आणि रजेमुळे दहा झाले. काल इको झाला. पंपिंग 62 टक्के. हृदयाच्या डॉक्टरनी फाईल मिटून परत दिली, गोळी बंद, खेळायला मोकळा. बाहेर आल्या आल्या पोरगा दवाखान्याच्या जिन्यावरून धावत खाली गेला. बायको "अरे हळू" म्हणायला गेली आणि थांबली. पहिल्यांदाच थांबली.

बोटाच्या मुंग्या जूनअखेर गेल्या. सिस्टर, गणपतीच्या आधीच.

त्या खाजगी डॉक्टरकडे गेलो होतो. झेरॉक्स टेबलावर ठेवली. त्यांनी पूर्ण वाचली, मला चहा विचारला, मी नको म्हटलं. मग म्हणाले, त्या दिवशी बाहेर पंधरा पेशंट होते. मी काही बोललो नाही. निघताना त्यांनी कागद परत दिला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला.

गावी माळा पूर्ण रिकामा केला. जांभा_दगड, तुमची जांभळी बॅटरी मी आणि बाबांनी मिळून फिरवली. घरात शून्य. मागच्या पडवीत, फाट्यांच्या ढिगाला लागून, तीन. बाबा 70 वर्षं त्या पडवीत वावरतायत. त्यांनी माझ्या हातातून बॅटरी घेतली ती परत दिलीच नाही, आता रोज रात्री जेवल्यावर आख्ख्या वाडीत फिरतात. शेजारी बोलावून नेतात.

---

रानमेवा
24 जुलै, सकाळी 7:05

अभिनंदन. बॅटरी कुठे मिळाली?

---

जांभा_दगड
24 जुलै, दुपारी 1:18

ऑनलाइन पण मिळते. अगदी स्वस्तातली घेऊ नका, तिचा उजेड नुसता जांभळा पडतो आणि भिंतच चमकते, विंचू वेगळा दिसत नाही. दुकानात घेतलीत तर तिथेच खिशातल्या नोटेवर मारून बघा, आतला धागा लखलखला पाहिजे. आणि त्या उजेडात डोळ्यांकडे धरू नका, पोरांच्या हातात तर मुळीच देऊ नका.